सगळ्यांचंच सिझर होतंय, मग माझंही होणारच का?

पत्र:
ताई, मी २९ वर्षांची आहे, पहिलंच बाळंतपण, सध्या ३१वा आठवडा चालू आहे. पुण्यात राहतो, माहेर लातूरकडचं. आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या दोन वर्षांत जेवढ्या जणी बाळंत झाल्या त्या सगळ्यांचं सिझर झालं, माझ्या मोठ्या जाऊबाईंचं पण. माझे रिपोर्ट नॉर्मल आहेत, फक्त वजन आधीपासूनच थोडं जास्त आहे आणि थायरॉइडची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारलं की म्हणतात वेळ आल्यावर बघू. सासूबाईंनी आत्ताच चांगला दिवस बघायला घेतलाय. नवरा म्हणतो कशाला कळा सोसायच्या, करून टाकू सिझर. आई म्हणते आमची बाळंतपणं घरातच झाली, तुम्ही आजकालच्या मुली नाजूक. मला नॉर्मल व्हायला हवंय पण भीती पण वाटते. डॉक्टर खरंच पैशासाठी सिझर करतात का? माहेरी जाऊन सरकारी दवाखान्यात करू का? – एक वाचक, पुणे

उत्तर:
अगं, आधी आईंच्या वाक्याला उत्तर देते कारण ते तुला सगळ्यात जास्त लागलंय असं पत्रावरून वाटतंय. तू नाजूक वगैरे काही नाहीस. २००५-०६ मध्ये जेव्हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं तेव्हा देशात १०० पैकी साडेआठ बाळंतपणं सिझरने होत होती, २०१५-१६ ला १७.२ झाली आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात २१.५. आपल्या महाराष्ट्रात २०१५-१६ च्या २०.१ वरून २५.४ आणि गोव्यात तर ३९.५. आता पंधरा वर्षांत बायकांची कंबरेची हाडं काही बदलत नाहीत, शरीर तेच आहे, बदललंय ते बाळंतपण कुठे होतं आणि कोणाच्या हातून होतं ते. थोडा फरक वयाचा, वजनाचा, शुगरचा आहे, ते मी नाकारत नाही, पण तेवढ्याने आकडा अडीचपट होत नाही.

आणि हेही लक्षात घे की या वाढीतला एक हिस्सा चांगला आहे. २००५-०६ ला दहातल्या चार बायकासुद्धा दवाखान्यात बाळंत होत नव्हत्या, आता जवळजवळ नऊ होतात. आईंच्या काळात घरी झालेली सगळी बाळंतपणं सुखरूप झाली असं नाही, ज्या अडल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणी सांगायला राहिल्याच नाहीत, म्हणून आपल्याला फक्त सुखरूप झालेल्यांच्याच गोष्टी ऐकायला मिळतात. २०१९-२१ च्या त्या सर्वेक्षणातही बिहारमध्ये ९.७ आणि नागालँडमध्ये ५.२ टक्केच सिझर होत होती, तिथे काळजी उलटी आहे, ज्या बाईला ऑपरेशनची खरंच गरज आहे तिला ते वेळेत मिळतंय का ही. आणि त्याच देशात तेलंगणात ६०.७ टक्के! तिथे सिझर होणं हीच पद्धत झालीय आणि नॉर्मल झाली तर लोक विचारतात कशी काय झाली.

तू बिल्डिंगचं लिहिलंस ना, त्याचं उत्तर पुढच्या आकड्यात आहे. त्याच सर्वेक्षणात देशभरात खाजगी दवाखान्यात झालेल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर आणि सरकारीत १४.३ टक्के. पश्चिम बंगालच्या खाजगी दवाखान्यांत तर ८० च्या वर. तुझ्या बिल्डिंगमधल्या सगळ्या शहरातल्या, नोकरीवाल्या, इन्शुरन्सवाल्या, प्रायव्हेटमध्ये नाव घातलेल्या, म्हणजे ज्या गटात हा दर सगळ्यात जास्त त्याच गटातल्या. म्हणून तुला वाटतंय की जगात नॉर्मल होणं बंदच झालंय. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, सरकारीच्या त्या १४ टक्क्यांत छोटी प्राथमिक आरोग्य केंद्रं पण धरलेली असतात जिथे ऑपरेशनची सोयच नसते, अवघड केस तिथून पुढे पाठवतात, त्यामुळे मोठ्या सरकारी हॉस्पिटलचा आकडा याहून बराच जास्त असतो. तेलंगणात सरकारीतच ४४ टक्क्यांच्या वर होता. तेव्हा सरकारी म्हणजे नॉर्मल आणि प्रायव्हेट म्हणजे सिझर असं डोळे झाकून धरू नकोस.

आता पैशाचं. मी आयुष्य लेबर रूममध्ये काढलंय, सरकारीतही आणि खाजगीतही, सिस्टर म्हणून, त्यामुळे जे बघितलं ते सांगते. पैशासाठी करणारे आहेत, नाहीत असं म्हणणं खोटं होईल, पण रोजच्या रोज जी सिझर होतात त्यातली बरीच पैशापेक्षा वेळेमुळे, माणसं कमी असल्यामुळे आणि भीतीमुळे होतात. तू डोळ्यासमोर आण, दहा-बारा खाटांचं नर्सिंग होम, रात्रीचे दोन वाजलेत, पहिलटकरीण आहे, पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय आणि तीन तास तिथेच अडकलंय. डॉक्टर एकटीच, सकाळी दहाला तिची ओपीडी भरलेली. भूलतज्ज्ञ दुसऱ्या हॉस्पिटलमधून येणार, तो फोनवर म्हणतोय मॅडम करायचं असेल तर आत्ता सांगा, सहानंतर माझी दुसरीकडे लिस्ट आहे. बाळाचे ठोके मधेच एकदा खाली येऊन परत वर गेलेत, जे कळांमध्ये होऊ शकतं. बाहेर आठ नातेवाईक उभे आहेत आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी दार उघडून विचारतंय की काय चाललंय आत, अजून किती वेळ, काही झालं ना तर बघा. अशा वेळी थांबायला फार हिंमत लागते गं. थांबले आणि काही वाईट झालं तर कोर्टकचेरी, तोडफोड, आणि सिझर केलं तर सगळे पेढे वाटणार, सिझर का केलं म्हणून जाब सहसा कोणी विचारत नाही. तिथे डॉक्टर वाईट आहे असं नसतं, तिच्यासोबत रात्रभर त्या बाईजवळ बसायला प्रशिक्षित सुईण-नर्स नसते, बदली डॉक्टर नसतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ ला मिडवाइफरीच्या, म्हणजे अशा सुईण-नर्स तयार करण्याच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तेलंगणाने तर त्याच्या आधीच नर्सेसना त्याचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली. माझं ठाम मत आहे की सिझर खरोखर कमी करायचे असतील तर डॉक्टरांना शिव्या घालून होणार नाहीत, लेबर रूममध्ये माणसं वाढवून होतील.

याचा तुझ्यासाठी अर्थ काय, तर तुझं सिझर होईल की नाही याचा बराचसा भाग तुला पहिली कळ येण्याआधीच ठरतो, तू कुठल्या दवाखान्यात नाव घालतेस त्यावर. कळा सुरू झाल्यावर तुझ्या हातात फार काही राहात नाही. म्हणून "माझं नॉर्मल होईल का" हे विचारणं सोड, त्याचं खरं उत्तर आत्ता कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही, "वेळ आल्यावर बघू" हे त्यांचं उत्तर चुकीचं नाहीये. तू दवाखान्याबद्दल विचार. म्हणजे असं, की मॅडम, तुमच्याकडे ज्यांचं पहिलंच बाळंतपण आहे, दिवस पूर्ण भरलेत, एकच बाळ, डोकं खाली, आणि कळा आपोआप सुरू झाल्यात, अशा बायकांमध्ये साधारण शंभरात किती जणींचं सिझर होतं? हा प्रश्न मी मनाने काढलेला नाही. रॉबसन नावाच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये बाळंतिणींचे दहा गट पाडले, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तीच पद्धत वापरा असं सांगितलं आणि त्यातला पहिला गट हाच. कारण सरसकट आकड्याने काही कळत नाही, एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जुळी, बीपीवाल्या, आधी सिझर झालेल्या जास्त येत असतील तर त्यांचा आकडा जास्तच दिसणार. पण या पहिल्या गटातही निम्म्याच्या वर सिझर होत असतील तर तिथे काहीतरी बिघडलंय. काही डॉक्टर आकडा पटकन सांगतील, काही म्हणतील मोजलं नाही, काही चिडतील, तिन्हीतून तुला जे कळायचं ते कळेल. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी काही वर्षांपूर्वी दवाखान्यांनी आपले सिझरचे आकडे जाहीर करावेत म्हणून ऑनलाइन अर्ज चालवला होता, खूप सह्या झाल्या, तेव्हाच्या मंत्री मनेका गांधींनी पण तो विषय उचलला होता. तेव्हा विचारायला लाजू नकोस, हा तुझा हक्क आहे. डॉक्टरांना त्याच भेटीत हेही विचार की रात्री कोण असतं, भूलतज्ज्ञ किती वेळात येतो, रक्ताची सोय कुठे आहे, आणि कळांच्या वेळी आईला किंवा नवऱ्याला आत राहू देतात का.

हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल पण नाहीये. कळांमध्ये ओळखीचं माणूस सतत जवळ असलं की सिझरचं प्रमाण कमी होतं हे अभ्यासांतून दिसलंय. सरकारी दवाखान्यांत सोबतीला बाई राहू द्यावी असं केंद्राने २०१६ ला सांगितलेलं आहे, तरी कित्येक ठिकाणी दारातच अडवतात, म्हणून आधी विचारून ठेव.

आता तुझ्या तब्येतीचं. वय २९, काही अडचण नाही. थायरॉइड गोळीने ताब्यात असेल तर त्याच्यामुळे सिझर करायचं काही कारण नाही, फक्त टेस्ट वेळेवर करत जा. वजनाचं मात्र मनावर घे, जास्त वजनामुळे गरोदरपणातलं बीपी आणि शुगर होण्याची शक्यता वाढते आणि त्यातून सिझरचीही. आत्ता वजन कमी करायच्या मागे लागायचं नाही, डाएट बिएट तर अजिबात नाही, पण रोज चालणं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, आणि दोन माणसांचं खा म्हणून जे ताट भरून वाढतात त्याला नाही म्हणायचं. शुगरची टेस्ट झाली नसेल तर या आठवड्यात करून घे. आणि ३६ व्या आठवड्याला बाळाचं डोकं खाली आहे ना ते बघून घे. पायाळू असेल तर लगेच सिझरची तारीख घेण्याआधी विचार की पोटावरून हाताने बाळ फिरवता येईल का, अनुभवी हात असेल तर साधारण निम्म्या वेळा जमतं, पण ते ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच करायचं, मालिशवालीकडून नाही.

सोनोग्राफीत काही शब्द आले की घरात रडारड सुरू होते, त्यातले तीन सांगून ठेवते. नाळ गळ्याभोवती, हे चार-पाच बाळांत एकाला असतंच आणि बहुतेक आरामात बाहेर येतात, फक्त तेवढ्यासाठी आधीच सिझर ठरवायचं कारण नाही. बाळ मोठं आहे, तर सोनोग्राफीचं वजन दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, साडेतीन किलो लिहिलेलं तीन किलोचं निघालेलं मी कितीदा बघितलंय. पाणी कमी झालंय म्हणाले तर मात्र किती कमी, बाळाची वाढ कशी, रक्तपुरवठा कसा, हे नीट विचार, ते कधी साधं असतं कधी गंभीर. तारीख उलटली म्हणून घाबरायचं नाही, ४१ आठवड्यांपर्यंत तपासण्या करत थांबता येतं, मग कळा आणायची औषधं देतात, ते योग्यच आहे.

आणखी एक, पहिली बारीक कळ आली की लगेच बॅग घेऊन पळायचं नाही. दवाखाना जवळ असेल, पाणी गेलेलं नसेल, रक्त जात नसेल, बाळ हलतंय, तर घरी थांब, चाल, जेव, गरम पाण्याने अंघोळ कर, डॉक्टरांना फोन करून सांग आणि कळा जवळ जवळ आणि जोरात यायला लागल्या की जा. पहिलटकरणीचा सुरुवातीचा काळ फार लांबतो, कधी कधी दिवस जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ ला सांगितलंय की पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरच खऱ्या जोराच्या कळा धरायच्या आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब सगळ्यांना लावायचा नाही. लवकर ॲडमिट झालीस की घड्याळ लवकर सुरू होतं, मग प्रोग्रेस नाही म्हणून ड्रिप, मग आणखी काही, आणि शेवटी सिझर, हा रस्ता मी इतक्या जणींचा बघितलाय ना.

नवऱ्याला सांग की तुझी काळजी कळते पण सिझरमध्ये दुखणं टळत नाही, पुढे ढकललं जातं. टाके ओढतात, खोकलं तरी कळ येते, उठून बाळाला घ्यायला सुरुवातीला मदत लागते. कळांची भीती असेल तर त्याला एपिड्युरल आहे, मणक्यात बारीक नळी घालून दुखणं कमी करतात, त्याने सिझर वाढत नाही, दवाखान्यात सोय आहे का विचारा. आणि पुढच्या बाळंतपणाचा विचार पण करायचा असतो, पिशवीवर एक व्रण राहतो, जितकी सिझर जास्त तितकी वार (नाळ जिला जोडलेली असते ती) खाली किंवा व्रणात रुतून बसायची शक्यता वाढते, तेव्हा जो रक्तस्राव होतो तो जिवावर बेततो. म्हणून पहिलं सिझर विनाकारण होऊ नये याला मी इतकं महत्त्व देते.

सासूबाईंचं जरा जपून घे, त्या प्रेमाने करतायत. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांकडूनच सांगवून घे की ३९ आठवडे पूर्ण व्हायच्या आत मुहूर्तासाठी बाळ काढलं तर बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येऊ शकते. नातवाचा श्वास म्हटलं की पंचांग आपोआप बाजूला राहतं, असा माझा अनुभव आहे. पत्रिका काय, बाळ ज्या वेळेला येईल त्या वेळेची मांडता येते.

माहेरी जायचं का, तर जा, आईजवळ असण्यासारखं दुसरं काही नाही, पण ठरव ते आत्ता. ३४ व्या आठवड्याच्या आसपास पोहोचून तिथे नाव घालून दोन-तीन तपासण्या झाल्या पाहिजेत, नववा महिना लागल्यावर पुणे-लातूर प्रवास करून अनोळखी दारात उभं राहायचं नाही. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे चोवीस तास ऑपरेशनची सोय असलेलं ठिकाण. सरकारीत जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. गर्दी असेल, खाट कधी शेअर करावी लागेल, बोलणं तोडून असेल, हेही माहीत असू दे. पुण्यात तुझ्या प्रश्नांना सरळ उत्तर देणारी डॉक्टर मिळाली तर इथेच राहा आणि आईंना बोलावून घे, दोन्हीत काही कमीपणा नाही.

एवढं सगळं लिहिलं पण आता जे सांगते ते सगळ्यात लक्षात ठेव. वार खाली असेल, बाळ आडवं असेल, ठोके पडून परत वर येत नसतील, नाळ बाहेर आली, तर सिझर हाच उपाय आणि तो ताबडतोब. त्या वेळी टक्केवारी विचारायची नाही, नातेवाइकांची मीटिंग भरवायची नाही, सही करायची. जागतिक आरोग्य संघटना १९८५ पासून सिझरच्या १०-१५ टक्क्यांचं बोलत आली आणि २०१५ ला त्यांनीच स्पष्ट केलं की आकडा गाठायच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला मिळू द्या. रक्त गेलं, पाणी हिरवट गेलं, बाळाचं हलणं कमी वाटलं, डोकं ठणकून दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, तर रात्र असो की सण, थेट दवाखाना. आणि सिझर झालंच तर कोणी नॉर्मल नाही झाली का गं असं तोंड वाकडं करून विचारलं तर ऐकून घेऊ नकोस, पोट कापून घेऊन दुसऱ्या दिवशी उठून बाळाला पाजणारी बाई कुठेच कमी पडलेली नसते. दूध पण येतं, टेबलवरून आल्यावर तासाभरात बाळ छातीशी लावायला माग.

तसं झालं तर घरी येताना डिस्चार्ज कार्डवर सिझर का केलं, पिशवीचं तोंड किती उघडलं होतं, आणि पिशवीवरचा छेद आडवा की उभा, हे तिन्ही लिहून घे आणि फोटो काढून ठेव. पुढच्या वेळी कारण परत नसेल आणि छेद खालचा आडवा असेल तर दुसरं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं, प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींचं होतं, फक्त व्रण उसवायचा धोका, दोनशेत एकीला, लक्षात घेऊन ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच, आणि मध्ये किमान दीड-दोन वर्षांचं अंतर ठेवून मग दिवस जाऊ द्यायचे. शुगरचा रिपोर्ट आणि ३६ व्या आठवड्याला बाळ कसं आहे ते मला नक्की कळव, आणि डॉक्टर आकडा काय सांगतात तेही.